पुढे ढकललेली सूचना

आमच्या चर्चच्या कार्यकारी मंडळाच्या वहीत २०१८ च्या मे महिन्यातल्या सभेची एक ओळ आहे. बसची सूचना पुढे ढकलण्यात आली. पुढे ढकला म्हणणारे पाच, नको म्हणणारे चार. त्यातलं पाचवं मत माझं.

सूचना साधीच होती. आम्ही राहतो अलाबामातल्या बर्मिंगहॅमला. तिथून दीड तासावर माँटगोमेरी. तिथे त्या एप्रिलमध्ये एक स्मारक उघडलं होतं, जमावाने झाडाला टांगून, जाळून, गोळ्या घालून मारलेल्या काळ्या माणसांचं. आठशेहून जास्त पोलादी खांब, असं घडलेल्या प्रत्येक काउंटीचा एकेक. आत शिरताना ते जमिनीवर, आपल्या उंचीचे असतात. पुढे चालत जावं तशी जमीन खाली उतरत जाते आणि खांब वर टांगलेले राहतात. त्यांवर चार हजारांहून अधिक माणसांची नावं आणि तारखा. आमच्या तरुण पाळकांचं म्हणणं एवढंच की एका शनिवारी बस करून जाऊ, आणि येताना वाटेतल्या एका काळ्या मंडळीबरोबर प्रार्थना करू.

मी म्हटलं, "विषय चांगला आहे, पण आत्ता वेळ बरोबर नाही. निवडणुका तोंडावर आल्यात. काही कुटुंबं दुखावतील."

टेबलाभोवतीच्या गोऱ्या माणसांना हायसं वाटलं, ते मला दिसलं. त्यांच्या मनातलं एका सावळ्या बाईने बोलून दाखवलं होतं. आता कुणी त्यांना नावं ठेवणार नव्हतं. खरं सांगायचं तर मी बोलले होते तेही त्यासाठीच. चोवीस वर्षं त्या शहरात काढल्यावर आपला उपयोग कुठे होतो हे माणसाला कळतं.

मी मूळची नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला अजून ते वळण पडलेलं नाही. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरात आली आणि त्यांनी शाळा काढल्या. त्या शाळांवर आमच्या तीन पिढ्या शिकल्या. आमचं घर त्याआधी नेवासे तालुक्यातल्या एका गावच्या महारवाड्यातलं. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आजी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली, वडील शिक्षक झाले, मी नर्स. अमेरिका म्हटलं की आमच्या घरात आदराने मान झुकायची. देव स्वर्गात आणि त्याखालोखाल बोस्टन, असा काहीसा हिशेब होता.

कागदावर आम्ही महार उरलो नव्हतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्याच ठेवल्या. पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. वडील म्हणायचे, बरंच झालं, जात सुटली. गावच्या विहिरीवर मात्र तो आदेश कुणी वाचलेला नव्हता.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. माझा एक चुलतभाऊ तिकडे ओढला गेला. सुट्टीत घरी आला की तावातावाने बोलायचा. वडील त्याला म्हणाले, "येशूच्या लेकरांनी रस्त्यावर ओरडू नये." मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मला वडिलांचं पटलं, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं पटतच राहिलं. श्रद्धा आतली गोष्ट. मोर्चा बाहेरची. न्याय देवाच्या हातात, क्षमा आपल्या हातात. या मताला मी भित्रेपणा म्हणणार नाही. आमच्यासारख्यांना त्याने पुष्कळ सांभाळलं. उपाशी पोटी डोकं शांत ठेवून परीक्षा देता आली ती त्याच्याच जोरावर.

१९९४ मध्ये मी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात लागले. शहराच्या दक्षिणेला तांबड्या डोंगराची एक रांग आहे. तिच्यावर व्हल्कन या रोमन लोहारदेवाचा छप्पन्न फुटी लोखंडी पुतळा उभा आहे. तिथली माणसं नुसतं 'डोंगरापलीकडे' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून पगार, शाळा, कातडीचा रंग सगळं समजतं. आम्ही घर घेतलं ते डोंगरापलीकडे. चर्च निवडलं तेही डोंगरापलीकडचं. अमेरिकेत रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला जेवढा रंगभेद दिसतो तेवढा इतर कुठल्याच तासाला दिसत नाही, असं मार्टिन ल्यूथर किंग अनेकदा म्हणत. मी तो तास छान कपडे करून, गाडीत बसून, स्वतःहून निवडला होता.

त्या चर्चमध्ये मी एकदा साक्ष दिली. आजीची गोष्ट सांगितली. लहानपणी आजीने गावच्या विहिरीच्या काठाला हात लावला म्हणून पाटलाच्या माणसाने तिला काठीने मारलं होतं. तो वळ तिच्या पाठीवर म्हातारपणीही होता. पुढे तीच आजी नर्स झाली. पाटलीणबाई तापाने फणफणल्या तेव्हा वाड्यावरून बोलावणं आलं, आणि आजी गेली. तिने पाटलीणबाईंची शुश्रूषा केली. गोष्ट संपली. लोक रडले. तीन बायकांनी मला मिठी मारली. त्यानंतर बाहेरून कुणी पाहुणा आला की पाळक मला बोलवायचे, "ती तुझ्या आजीची गोष्ट सांग ना." मी सांगायचे.

त्या गोष्टीतला एक तुकडा मी गाळायचे. त्याच्याकडे येते.

हॉस्पिटलात माझ्या वॉर्डात एक ज्येष्ठ नर्स होत्या, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. काळ्या. जन्म बर्मिंगहॅमचा. १९६३ च्या मे महिन्यात हजारो शाळकरी मुलं सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चच्या दारातून रस्त्यावर निघाली, त्यांत त्या होत्या. वय बारा. पोलिसांनी कुत्रे सोडले, बंबाचे पाइप लावले. तुरुंग भरले म्हणून मुलांना जत्रेच्या मैदानावर कोंडून ठेवलं होतं, तिथे त्यांनी काही रात्री काढल्या. हे त्यांनी मला ओळख झाल्यावर बऱ्याच वर्षांनी सांगितलं, आणि तेही सलाईन लावता लावता, मध्येच.

२०१५ च्या १७ जूनला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बुधवारच्या बायबल अभ्यासाला एक गोरा तरुण येऊन बसला. लोकांनी त्याला जागा दिली. तासाभराने त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी कोर्टात मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला तोंडावर सांगितलं की आम्ही तुला क्षमा करतो. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत मी त्या ज्येष्ठ नर्सना म्हटलं, "किती मोठी माणसं! याला म्हणतात ख्रिस्ती."

त्या हात धूत होत्या. पाणी बंद करून म्हणाल्या, "आम्ही माफ केलं की तुम्हा लोकांना फार आवडतं."

मी काहीतरी पुटपुटले. त्या पुढे म्हणाल्या, "त्या चार मुली गेल्या तेव्हा माझ्या आईने सोमवारपर्यंत माफ केलं होतं. शेवटच्या माणसाला शिक्षा झाली २००२ मध्ये. मधली एकोणचाळीस वर्षं तुमची चर्चं काय करत होती?"

मला राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण? मी त्यांच्या गोऱ्या लोकांतली कधीपासून झाले? माझ्या आजीच्या पाठीवर वळ आहे, असं मनात खूप काही येऊन गेलं. मोठ्याने मी काही बोलले नाही. बोलले असते तर कदाचित बरं झालं असतं.

त्या चार मुली म्हणजे ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेअर. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकराची. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी दहा बावीस. कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी जिन्याखाली डायनामाइट ठेवलं होतं. त्या दिवशीच्या संडे स्कूलच्या धड्याचा विषय होता क्षमा करणारी प्रीती. हा योगायोग पाळक लोक मोठ्या हळव्या आवाजात सांगतात, मीही सांगायचे. त्या नर्सच्या प्रश्नानंतर मी तपास कसा झाला ते वाचलं. एफबीआयला संशयितांची नावं थोड्याच काळात कळली होती. तरीही १९६८ मध्ये कुणावर खटला न भरता फाइल बंद झाली. पुढे अलाबामाच्या एका तरुण ॲटर्नी जनरलने ती उकरून काढली. पहिली शिक्षा १९७७ मध्ये झाली, दुसरी २००१ मध्ये, तिसरी २००२ मध्ये. चौथा संशयित खटला न होताच मेला. १९९४ मध्ये मी शहरात आले तेव्हा त्या स्फोटातले दोन जण मोकळे फिरत होते, आणि मी दर रविवारी प्रीतीवरची प्रवचनं ऐकत होते.

एवढं वाचूनही मी बदलले असं नाही. वाईट वाटलं, इतकंच. तीन वर्षांनी मी 'पुढे ढकला' म्हटलंच.

त्या सभेनंतर काही दिवसांनी आमच्या तरुण पाळकांनी मला दोन कागद दिले. काही बोलले नाहीत. मुलगा भला आहे, पण असा आडून वार करतो. पहिला कागद होता १२ एप्रिल १९६३ चा, उत्तम शुक्रवारचा. बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन. त्यांत सात ख्रिस्ती, एक यहुदी रब्बी. तो मी एका दमात वाचला, आणि वाचताना माझी मान हलत होती, हो, बरोबर. मागण्या समजण्यासारख्या आहेत. पण ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि वेळेला धरूनही नाहीत. बाहेरच्या लोकांनी येऊन पेटवू नये. कोर्टात जावं, बोलणी करावीत. आणि पोलिसांनी संयम राखला म्हणून त्यांचं कौतुक.

दुसरा कागद होता त्याच दिवशी अटक झालेल्या किंग यांचं उत्तर, १६ एप्रिलचं. ते त्यांनी कोठडीत वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर लिहायला घेतलं होतं. ते पत्र मी आधी वाचलं नव्हतं असं नाही. दर जानेवारीत त्यातल्या ओळी आमच्या भिंतीवर लागतात. पण ते कुणाला लिहिलंय हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते क्लॅनला लिहिलेलं नाही. ते भल्या, शांतताप्रिय, 'तुमचं म्हणणं पटतं पण पद्धत नाही' म्हणणाऱ्या गोऱ्या माणसांना लिहिलेलं आहे, आणि क्लॅनपेक्षा याच माणसांचा अडसर मोठा आहे, अशी शंका त्यात स्पष्ट मांडलेली आहे.

ते आठ जण दुष्ट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण दुष्ट असते तर मी सुटले असते. तीनच महिन्यांपूर्वी, गव्हर्नर वॉलेसने वंशभेद कायम राहील अशी गर्जना केली तेव्हा, याच मंडळींनी इतर काहींबरोबर कायदा पाळा असं जाहीर आवाहन केलं होतं, आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या होत्या. त्यांतले बॅप्टिस्ट पाळक अर्ल स्टॉलिंग्ज यांनी निवेदनानंतर दोनच दिवसांनी, ईस्टरच्या सकाळी, काळ्या भाविकांना आपल्या चर्चमध्ये बसू दिलं. किंग यांनी पत्रात त्याची नावानिशी दखल घेतली. मग स्टॉलिंग्ज यांच्याच मंडळीने त्यांना इतका त्रास दिला की दोनेक वर्षांत ते शहर सोडून गेले. जोसेफ ड्यूरिक हे कॅथलिक बिशप पुढे टेनेसीत गेले आणि तिथे समान हक्कांच्या बाजूने उघड उभे राहिले. पण त्या शुक्रवारी, जत्रेच्या मैदानावर मुलं कोंडली जाण्याच्या तीन आठवडे आधी, या भल्या माणसांना सर्वांत जास्त खुपलं ते काय, तर वेळ.

माझा शब्द. मे महिन्यातल्या सभेतला.

पुढचा धक्का घरचा होता. आम्हा नगरकरांना वाटायचं की गुलामगिरी दक्षिणेतल्या लोकांची, आपले मिशनरी न्यू इंग्लंडचे, त्यांचे हात स्वच्छ. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं, ते सज्जन म्हणजे जणू आमचेच. मी शोधत गेले. ज्या बोस्टनच्या बोर्डाने नगरला माणसं पाठवली त्याच बोर्डाने गुलाममालकांच्या देणग्या घेतल्या होत्या. अमेरिकेतल्या चेरोकी आणि चोक्टॉ लोकांमध्ये त्याची मिशनं होती, तिथल्या मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद होते. गुलाममालकांना सरसकट बाहेर काढा, या मागणीपुढे बोर्ड डगमगलं. गुलामगिरी वाईट आहे, पण मिशनचं काम बिघडेल, सावकाश घेऊ. आमच्या आजी-पणजीला हाताला धरून देवळात बसवणारी संस्था घरच्या दाराशी 'पुढे ढकला' म्हणत होती. तिच्यावर रुसून बाहेर पडलेल्यांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली.

आणि त्या बंडखोरांची एक शाळा माझ्या घरापासून तासाभरावर आहे, हे मला चोवीस वर्षं माहीत नव्हतं. टॅलेडिगा कॉलेज. १८६७. त्याची मुख्य इमारत युद्धाआधी गोऱ्यांच्या शाळेसाठी गुलामांच्या हातांनी बांधून घेतलेली. युद्धानंतर तीच मुक्त झालेल्यांच्या मुलांची शाळा झाली. मी एका रविवारी एकटीच गेले. आमच्या मिशनचं हे दुसरं घर. आम्हाला पत्ता कुणी दिला नव्हता, आणि आम्ही विचारलाही नव्हता.

परतल्यावर मी माझ्या त्या जुन्या सहकारी नर्सना फोन केला. त्या निवृत्त झाल्या होत्या. मी बसच्या मताचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या एकतर रागावतील नाहीतर समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "शनिवारी मोकळी आहेस का?"

त्यांनी मला सिक्स्टीन्थ स्ट्रीटच्या चर्चमध्ये नेलं. स्फोटात तिथल्या रंगीत काचेतल्या येशूचा नेमका चेहरा उडाला होता. नंतर वेल्समधल्या लोकांनी वर्गणी काढून एक नवी खिडकी पाठवली. त्यात येशू काळा आहे आणि त्याचे हात फाकलेले आहेत. एका हाताचा तळवा समोर, थांब म्हणावं तसा. तो हात द्वेष आणि अन्याय मागे ढकलतोय. दुसरा हात क्षमेचा आहे. त्या म्हणाल्या, "लोक येतात आणि या दुसऱ्या हाताचा फोटो काढून जातात."

मग मी त्यांना आजीच्या गोष्टीतला गाळलेला तुकडा सांगितला. बाकावर बसून, पहिल्यांदाच, मराठीबाहेरच्या कुणाला. त्या खूप हसल्या, आणि म्हणाल्या की हे तुझ्या चर्चला सांग.

मला जवळजवळ वर्ष लागलं. दरम्यान बसची सूचना पुन्हा आली, या वेळी माझ्याकडून. ती मंजूर झाली. चाळीस जणांच्या बसमध्ये अकरा जण आले. दोन कुटुंबं चर्च सोडून गेली. त्यातलं एक कुटुंब मला दर ख्रिसमसला केक पाठवायचं. तो आता येत नाही आणि मला त्याची चुटपुट लागते, हेही सांगून टाकते. मी अजून डोंगरापलीकडेच राहते. चर्चही सोडलेलं नाही. भाचीने पुण्याहून विचारलं की मग बदललं काय, तर मला धड उत्तर देता आलं नाही. चुलतभावाला मात्र मी पत्र लिहिलं. तो आता पंचाहत्तरीला आलाय, त्याने फोनवर फक्त "बरं" एवढंच म्हटलं.

२०१९ च्या लेन्टमध्ये मी पुन्हा साक्ष दिली. तीच गोष्ट, पूर्ण. वाड्यावरून बोलावणं आलं आणि आजी गेली, इथपर्यंत सगळे ओळखीचं हसत ऐकत होते. मी म्हटलं, आजी वाड्याच्या मागच्या दाराने गेली नाही. पुढच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी बघते बाईंना. पण लांबून चालत आलेय, आधी पाणी द्या. तुमच्या तांब्यातनं." आत पाटलीणबाई कण्हत होत्या. बाहेर आजी उभी. वाड्यात पळापळ. आजीने उंबरा ओलांडला नाही. माझे वडील तेव्हा लहान होते, तिच्याबरोबर होते. ते सांगायचे, बराच वेळ ती तशीच उभी होती.

चर्चमध्ये कुणी रडलं नाही. मिठ्याही नाहीत. नंतर कॉफीच्या टेबलापाशी एक म्हातारे गृहस्थ आले. १९६३ मध्ये ते याच शहरात कॉलेजला होते. कप हातात धरून त्यांनी विचारलं, "मग त्यांनी पाणी दिलं का?"

मी म्हटलं, दिलं. पितळेचा तांब्या होता. आजी प्यायली, मग आत गेली, ताप उतरेपर्यंत बसली. ती निघाली तेव्हा परसात तो तांब्या विस्तवात घातलेला होता, शुद्ध करायला. तिने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध द्यायला ती पुन्हा गेली, पुन्हा पुढच्या दारात उभी राहिली, आणि पुन्हा पाणी मागितलं.